तीन पायांवरचा मावळ: भोर घाट, फाळके आणि तुमचा पहिला ट्रायपॉड

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. कामशेतच्या एका श्रोत्याने मागच्या महिन्यात पाठवला होता. तो जसाच्या तसा सांगतो. "दादा, पहिला पगार झालाय. ट्रायपॉड घ्यायचाय. दुकानदार म्हणतो बॉल हेड घ्या, यूट्यूबवाला म्हणतो फ्लुइड हेड घ्या, आणि आई म्हणते मोबाइलला काठी लावून फोटो निघतात की! तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला यातलं काय कळणार, पण विचारून बघतो."

आधी हसलो. मग दोन दिवस तेच डोक्यात राहिलं. कारण या प्रश्नाचं उत्तर ज्या गावांमध्ये शोधायचं, ती गावं त्याच्या घरापासून रेल्वेने दोन-तीन स्टेशनं. खंडाळा, लोणावळा, मळवली. कॅमेरा हलू न देणं म्हणजे काय, हे या पट्ट्यात दीडशे वर्षांपूर्वी लोकांना घाम गाळून शिकावं लागलं होतं.

पण त्याआधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडाने सल्ला देतोय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी लोहगडावर गेलो होतो. विंचूकाट्याची ती लांब सोंड, दोन्ही बाजूला दरी, खाली पवनेचं पाणी. कॅमेरा माझा, लेन्स मावसभावाची. ट्रायपॉड ऑनलाइन घेतलेला, दीड हजाराच्या आतला, हातात घेतला की वाटावं अरे वा, काय हलका आहे. संध्याकाळचा फोटो, समोर एक झुडूप येत होतं, म्हणून मधला दांडा पूर्ण वर काढला. खाली वाकून पाण्याची बाटली घेतली आणि वाऱ्याचा एक झोत आला. आवाज फार मोठा झाला नाही. काच फुटल्याचा आवाज मोठा नसतोच. मावसभाऊ काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या लेन्सचे पैसे मी सहा महिने हप्त्याने दिले. म्हणजे माझा दीड हजारांचा ट्रायपॉड मला नक्की कितीला पडला, हिशोब तुम्हीच करा.

तर आता मागे जाऊ.

आपल्याकडे म्हण आहे, तीन तिघाडा काम बिघाडा. माणसांच्या बाबतीत खरी असेल, पायांच्या बाबतीत अजिबात नाही. चार पायांचं टेबल हॉटेलात डुगडुगतं, मग आपण खाली कागदाची घडी घालतो. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. कारण कुठलेही तीन बिंदू एका सपाटीत येतातच, चौथा आला की भांडण सुरू. आपल्या आज्या शेतात तीन दगडांची चूल मांडायच्या ती याच कारणासाठी. जमीन कितीही वाकडी असो, भांडं बसतं. तिवई हा शब्दसुद्धा आपल्याकडे जुनाच आहे. साहेबाने तिच्यावर आधी दुर्बीण बसवली आणि मग कॅमेरा, एवढंच.

दुर्बीण म्हणजे थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र. एकोणिसाव्या शतकात ते घेऊन सर्व्हेवाले देशभर डोंगर चढत होते, आणि १८५० च्या दशकात त्यांची तिवई आपल्या घाटात येऊन उभी राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला मुंबईहून पुण्याला गाडी न्यायची होती. मध्ये सह्याद्री उभा. मुंबईकडून रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आले, पुण्याकडून १८५८ मध्ये खंडाळ्यापर्यंत आले, आणि मधला घाट माणसं पालखीतून, डोलीतून नाहीतर पायी चढायची. या मधल्या तुकड्याची आखणी कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याच्या देखरेखीखाली झाली. साधारण २५ किलोमीटरात १,८३१ फूट चढ. सगळ्यात खडा भाग असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. २५ बोगदे. तेही पोकलेन आणि डायनामाइट नसताना, सब्बल, घण आणि साध्या सुरुंगाच्या दारूवर.

त्या उतारांवर यंत्र सरळ उभं करायचं म्हणजे खेळ नव्हता. सर्व्हेच्या धंद्यात एक नियम आजही शिकवतात, तो इथेच लिहून ठेवा: उतारावर तिवई लावताना दोन पाय उताराकडे, एक पाय चढाकडे. वजन जिकडे कलंडणार तिकडे दोन माणसं उभी. मी विंचूकाट्यावर बरोब्बर उलटं केलं होतं.

भोर घाटाच्या कामाची गोष्ट मात्र यंत्रांपेक्षा माणसांची जास्त आहे. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. त्याच्या काळात मजुरीचे पैसे थकले, १८५९ च्या जानेवारीत मजूर आणि गोरे मुकादम यांच्यात मोठी मारामारी झाली, आणि त्याच वर्षी त्याने काम सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला. आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. आता काय? तर त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं. १८५९ साल, नवरा नुकताच गेलेला, परका देश, आणि हातात आशियातल्या सगळ्यात अवघड बांधकामांपैकी एक. तिने अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर हे दोन इंजिनियर नेमले आणि काम पुढे रेटलं. ऐन भरात असताना या घाटात ४० हजारांहून जास्त मजूर होते. पटकीने आणि तापाने किती मेले, त्याची पाटी घाटात कुठेच नाही. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर याने खंडाळ्यात मार्गाचं उद्घाटन केलं. बर्कले तोवर वारला होता.

आणि या कामाचे फोटो आहेत. भोर घाटाच्या बांधकामाचे अल्बम अ‍ॅलिस ट्रेडवेलच्याच नावाशी जोडलेले आहेत.

जरा थांबा, हे कसं शक्य झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. तेव्हाची पद्धत म्हणजे ओल्या काचेची, वेट कोलोडियन. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जाहीर केलेली. काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधारात धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. एप्रिल-मे मध्ये घाटात त्याहून कमी, कारण काच वाळली की संपलं. म्हणून काळा तंबू, बाटल्या, काचा, पाणी, सगळं लटांबर फोटोच्या जागेवरच न्यायचं. डी-एस.एल.आर. बॅग पाठीला लागते म्हणून आपण कुरकुरतो!

आणि शटर नव्हतं. लेन्सवरची टोपी हाताने काढायची, मनात आकडे मोजायचे, हाताने परत लावायची. उन्हातसुद्धा काही सेकंद, सावलीत आणखी जास्त. म्हणजे हाताचा धक्का कॅमेऱ्याला लागणार हे ठरलेलंच. तरीही फोटो सुईसारखा तीक्ष्ण, कारण खाली जाड लाकडाच्या तीन पायांची तिवई. तिला बॉल हेड नाही, फ्लुइड हेड नाही, काही नाही. वर एक लाकडी पाटा, खालून एक स्क्रू. कॅमेरा सरळ करायचा तर पाय मागेपुढे करायचे. म्हणजे हेड हे फॅड आहे असं नाही म्हणत मी. पण पहिल्या पिढीने सगळा पैसा पायांत घातला होता, एवढं ध्यानात ठेवा.

एक गोष्ट मला या काळातल्या फोटोंबद्दल कायम टोचते. लांब एक्स्पोजरमध्ये जो हलतो तो पुसला जातो. पूल राहतो, डोंगर राहतो, टोपी घालून ऐटीत उभा राहिलेला साहेब राहतो. डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई मात्र एक धुरकट पट्टा होते, नाहीतर तेवढीही उरत नाही. काम करणारा फोटोत येण्यासाठी त्याला काम थांबवून उभं राहावं लागायचं. पुढच्या वेळी जुन्या फोटोत रिकामा रस्ता दिसला की लगेच म्हणू नका, किती शांतता होती तेव्हा. शांतता नसेल. सगळे चालत असतील.

हे फक्त साहेबांचं खूळ होतं असंही नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला होता, त्यात हरिचंद चिंतामण शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. म्हणजे १८५७ च्या आधी मराठी मुलखातली माणसं तिवई घेऊन हिंडत होती. आपण उगाच समजतो की हे वेड इन्स्टाग्रामने आणलं.

घाटाची गाडी सुरू झाल्यावर खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन फोटोवाल्यांचं आवडतं ठिकाण झालं. तिथे गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. बोर्न अँड शेफर्ड या नामांकित कंपनीनेही त्याचे फोटो काढले. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, विजेची इंजिनं आली, ते स्टेशन बंद झालं. जुन्या अमृतांजन पुलाच्या परिसरातच होतं ते. १८३० चा तो पूलही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. त्याचे माझ्याकडे दोन फोटो आहेत. दोन्ही हललेले.

बरं, आता मळवलीला उतरू.

कार्ल्याला जायला आपण ज्या स्टेशनवर उतरतो, त्याच भागात राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. आधी तो मुंबईत गिरगावात होता. पुढे इकडे मावळात आला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तुमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुधा इथल्याच दगडावरून छापून निघालेली असणार. आणि या छापखान्यासाठी १९०५ नंतरच्या काळात फोटो-लिथोचं काम करणारा एक माणूस होता, धुंडिराज गोविंद फाळके. होय, तेच. दादासाहेब. त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे.जे. आणि बडोद्याच्या कलाभवनातलं शिक्षण, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलेलं. लोणावळ्यात त्यांनी स्वतःची 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढली, ती पुढे दादरला नेली.

छापखान्यातला कॅमेरा हा आपल्या कॅमेऱ्याच्या जातीचा नसतो बरं का. चित्र एका चौकटीत, कॅमेरा दुसऱ्या चौकटीत, दोन्ही एकाच जड सांगाड्यावर. चित्राच्या रेषा आणि ठिपके जसेच्या तसे उतरले पाहिजेत, केसभर हललं की रंगावर रंग बसत नाही आणि देवीच्या ओठांचा लाल गालावर जातो. सिनेमाच्या आधी फाळके या शिस्तीत मुरले होते, हे आपण विसरतो. आपल्याला ते एकदम 'राजा हरिश्चंद्र' घेऊन अवतरल्यासारखे वाटतात.

आता ती गोष्ट, ज्यासाठी हा भाग केला. १९१२. फाळके चाळिशी ओलांडलेले, धंद्यातल्या भागीदारीतून बाहेर पडलेले, सिनेमे बघून बघून डोळ्यांवर परिणाम झालेला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, फेब्रुवारीत लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघितलं आणि विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा ठरवून आले. परत आल्यावर प्रश्न असा की सिनेमाला पैसे देणार कोण? ज्याने हलतं चित्र कसं बनतं हे पाहिलंच नाही, त्याला काय सांगणार?

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला. थोड्या थोड्या वेळाने एक-एक फ्रेम. महिनाभराहून जास्त दिवस. तयार झाली ती जेमतेम मिनिटाभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. पडद्यावर बी फुगतं, कोंब फुटतो, वेल वर चढतो. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी पैसे दिले. त्या पैशांतून 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

जरा हिशोब करू. तेव्हाच्या वेगाने सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर मिनिटाला जवळपास हजार. हजार वेळा त्या कॅमेऱ्याला हात लागलाय. घरात बायको-मुलं आहेत, येणारे-जाणारे आहेत. एकदा जरी कोणाचा धक्का लागून कॅमेरा दोन बोटं सरकला असता, तर पडद्यावर वेलाने उडी मारली असती आणि बघणाऱ्याच्या लक्षात आलं असतं की हे काहीतरी जोडकाम आहे. म्हणजे पॉलिसी गेलेली, डोळे थकलेले, आणि भारतातला पहिला लांबीचा सिनेमा होणार की नाही हे एका गोष्टीवर अडलेलं: महिनाभर कॅमेरा जागचा हलला नाही पाहिजे. मला तर विचार करूनच घाम फुटतो. माझा कॅमेरा लोहगडावर अर्धा मिनिट टिकला नव्हता.

पुढे 'हरिश्चंद्र'च्या वेळी कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. हाताने फिरवायचा कॅमेरा म्हणजे एक हात सतत गोल फिरतोय, सेकंदाला साधारण दोन फेरे, एका लयीत. फिरवणारा हात कॅमेऱ्याला सतत ढकलतो. तिवई हलकी असती तर सगळा सिनेमा होडीत बसून काढल्यासारखा दिसला असता. आणि एक हात असा अडकलेला असताना दुसऱ्याने कॅमेरा डावी-उजवीकडे वळवणं महाकठीण. म्हणून जगभरातल्या त्या काळच्या सिनेमांत कॅमेरा बराचसा एका जागी उभा असतो आणि नट त्याच्यासमोर येतात-जातात. आपल्याला ते नाटकासारखं वाटतं. त्यात आवडीनिवडीइतकाच हेडचाही दोष होता.

मग हेड सुधारत गेलं. आधी दाताळ्या चाकांची हेडं आली, एक हँडल फिरवलं की आडवं वळतं, दुसरं फिरवलं की वर-खाली. पुढे १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मिलर यांनी आत जाड तेलासारखा द्राव भरलेलं हेड आणलं. द्राव झटका शोषून घेतो, त्यामुळे कॅमेरा लोण्यासारखा वळतो. तेच तुमचं फ्लुइड हेड. यूट्यूबवाला ज्याबद्दल बोलत होता ते.

बॉल हेडचं तत्त्व आपल्या खांद्यासारखं आहे. वाटीत गोळा. एक खटका सैल केला की कॅमेरा कुठेही फिरतो, आवळला की थांबतो. पटकन होतं, पिशवीत मावतं, ट्रेकला बेस्ट. पण त्याची खोड अशी की एकच गोष्ट सरळ करायला गेलं तर बाकी दोन वाकड्या होतात. राजमाची पॉइंटवरून घाटाचा पाच-सहा फोटो जोडून पॅनोरमा काढायचा असेल तर खालचा तळ आडवा फिरणारं बॉल हेड हवं, नाहीतर क्षितिज जिना उतरल्यासारखं दिसतं. तीन हँडलचं पॅन-टिल्ट हेड हळू चालतं, जड असतं, हँडलं बॅगेत टोचतात, पण एका वेळी एकच दिशा हलते. लेणी, देवळं, वाडे, म्हणजे जिथे खांब सरळच दिसले पाहिजेत, तिथे मला ते आवडतं. आणि घाट चढणाऱ्या गाडीचा व्हिडिओ काढायचा, मागून ढकलणारी इंजिनं फ्रेममधून सरकत जाताना हवीत, तर छोटं का होईना फ्लुइडच. हे नागफणीवरून लांबून काढा. रुळावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी जाऊन नको. तो गुन्हा आहे, आणि गाडी दिसते त्यापेक्षा जवळ असते.

तर कामशेतच्या मित्रा, दुकानदार आणि यूट्यूबवाला दोघंही बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या फोटोंबद्दल बोलत होते.

पायांबद्दल मात्र माझं मत एकतर्फी आहे. कारण ठेच लागलीय. मधला दांडा वर न काढता ट्रायपॉड तुमच्या गळ्यापर्यंत तरी आला पाहिजे. दांडा वर काढला की तीन पायांचं एका पायावर येतं. पायाच्या नळ्या जितक्या जास्त टप्प्यांच्या, तितका शेवटचा टप्पा काडीसारखा. पिशवीत छान मावतो, वाऱ्यात गातो. तीन किंवा चार टप्पे पुरे. कंपनी खोक्यावर लिहिते पाच किलो पेलतो, त्यावर जाऊ नका. तुमच्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट आकडा धरा. मधल्या दांड्याला खाली हुक आहे का बघा. मावळातल्या वाऱ्यात तिथे बॅग लटकवायची, पण बॅग जमिनीला जेमतेम टेकेल अशी, नाहीतर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते.

कार्बन फायबर की अ‍ॅल्युमिनियम? कार्बन हलका, थरथर लवकर मरते, थंडीत हाताला चटका देत नाही, आणि पगार खातो. गिट्झो या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकात तो आणला तेव्हा तर फक्त व्यावसायिकांनाच परवडायचा. पहिल्या पगाराला अ‍ॅल्युमिनियम घ्या, लाजायचं कारण नाही. पायाची लॉकं खटक्याची की पिळायची, यावर लोक मित्र तोडतात. माझं एवढंच म्हणणं, आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाल चिखल आणि धुकं असतं. पिळायच्या लॉकात चिखल गेला की वाळू चावल्यासारखा आवाज येतो. ती उघडून, पुसून, वाळवून परत बसवता आली पाहिजेत. घरी आल्यावर पाय पूर्ण लांब करून वाळवा, मिटून कोपऱ्यात ठेवू नका. खालची टोकं रबराची ठेवा. आपला कातळ ओला झाला की लोखंडी टोक त्यावरून सरकतं.

फक्त मोबाइल असेल तर? तर मोबाइल धरायचा चिमटा चांगला घ्या आणि पाय कॅमेऱ्याचेच घ्या. उद्या कॅमेरा आला तर स्क्रू तोच आहे. हा स्क्रू तर मला फार आवडतो. पाव इंच जाड, इंचाला २० आटे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांची मापं ठरवून दिली, त्यात पाव इंचाला २० आटे होते. मोबाइल दर वर्षी चार्जरचं भोक बदलत होते, आणि कॅमेऱ्याखालचं भोक भोर घाटाच्या वयाचं आहे.

आता एक अडचण, जी कोणी आधी सांगत नाही. कार्ला, भाजे, लोहगड ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो चालतो, ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. मला कार्ल्याला गेटवरच थांबवलं होतं, आणि बरोबरच थांबवलं. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी त्याच आवारात असते. नारळ, ओटी, लहान मुलं, आणि त्यात तुम्ही तीन पाय पसरून उभे. लोहगड तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तिथे आता आणखी काळजी घेतली जाणार.

पण चैत्यगृहात अंधार आहे, सव्वाशे फूट खोल, उजेड येतो तो समोरच्या कमानीच्या गवाक्षातून. मग फोटो कसा काढायचा? माझ्या आईने शिवलेली एक कापडी पिशवी आहे, वीतभर. तिच्यात इंद्रायणी तांदूळ भरलाय, आपला मावळचाच. ती दगडी पायरीवर ठेवायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. छताच्या लाकडी कमानी, दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड मंडळी, त्या पिशवीवरून जितक्या स्वच्छ आल्या तितक्या कशावरूनच आल्या नाहीत. पावसाळा संपला की आई तो तांदूळ बदलते. जुन्याचं काय करते ते मी विचारत नाही.

आणि धबधब्याचा रेशमी फोटो. त्याच्यासाठीच निम्मे लोक ट्रायपॉड घेतात, मला माहितीये. पावसाळ्यात प्रवाहात पाय रोवून उभं राहू नका. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. वर डोंगरात पाऊस पडलेला खाली कळत नाही. काठावरून, कोरड्या कातळावरून काढा. फोटो दहा टक्के कमी चांगला येईल. येऊ दे.

त्या श्रोत्याला मी एवढं सगळं काही लिहिलं नव्हतं. फोनवर पंधरा मिनिटं बोललो. नवीन घेण्याआधी तळेगावात जुन्या लग्नाच्या फोटोवाल्यांकडे चौकशी कर म्हटलं, मोबाइल आल्यापासून अनेकांचे भक्कम ट्रायपॉड माळ्यावर पडून आहेत. त्याला एक मिळाला. जड आहे, चार किलोच्या आसपास, एका पायाला वेल्डिंग केलेलं, हेड पॅन-टिल्ट, हँडलचं रबर गेलेलं. पगारातले पैसे उरले, त्याचं त्याने आईला काय घेतलं ते सांगितलं नाही.

परवा त्याने पहिला फोटो पाठवला. नागफणीवरून, अंधार पडताना, घाटातून खाली जाणाऱ्या गाडीच्या दिव्यांची एक लांब रेघ, वीस सेकंदांची. खाली लिहिलंय, "दादा, दोन पाय उताराकडे ठेवले होते." क्षितिज थोडं वाकडं आलंय. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.